काळ्या मातीची काच

बीड जिल्ह्यात मी माती आणायला गेले होते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, कपिलधारचा धबधबा पाहिलात का, धारूरचा किल्ला चढलात का. धबधबा राहिला. किल्ला खालून पाहिला, तोही गाडीचं चाक पंक्चर झालं म्हणून. एवढं ऐकल्यावर लोकांचा रस संपतो, आणि खरं सांगायचं ते राहूनच जातं.

मी पुण्यात एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. उषा माझ्याकडे पीएच.डी. करते. ती केज तालुक्यातल्या युसूफ वडगावची. तिचे आईवडील दर वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला घरी येतात. उषाचा विषय तिच्याच मुलखातली काळी माती. ही माती शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा धुतली, तिच्यातले क्षार काढून टाकले, की शेवटी कागदाच्या कपट्यांसारखे चपटे कण उरतात, साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे. प्रत्येकावर ऋण विद्युतभार. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात हे आपण शाळेत शिकतो. पण उषाच्या बाटलीत हेच कण पाण्यात कालवले की पहिल्यांदा पातळ ताकासारखे असतात आणि बाटली काही काळ न हलवता ठेवली की थिजतात. बाटली उलटी धरली तरी खाली येत नाहीत. आम्ही त्याला काच म्हणतो. खिडकीच्या तावदानातही कण असेच, कुठलीही रांग न धरता, असतील तिथे अडकून राहिलेले असतात.

उषाचं काम तपासणाऱ्या समितीतल्या एकांना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, कण ढकलाढकलीमुळे थांबलेले नाहीत, ते कुठेतरी एकमेकांना चिकटलेत. तसं असेल तर उषाचा निम्मा प्रबंध चुकीचा. तपासायची रीत अगदी सोपी होती. थिजलेल्या मातीवर शुद्ध पाणी अलगद ओतायचं. कण चिकटलेले असतील तर जागा वाढली म्हणून ते सुटणार नाहीत. ढकलत असतील तर पाण्यात पसरत जातील.

अडचण शेजारच्या इमारतीची होती. तिथे खडक फोडायचं यंत्र दिवसभर चालायचं, आमच्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं, आणि बाटल्या नीट थिजायच्या नाहीत.

"नवी माती आणायला जायचंच आहे, तर बाटल्या आमच्या घरी ठेवू, मॅडम," उषा म्हणाली. "तिथं कोणी हलवणार नाही."

समितीची बैठक जवळ आली होती आणि मला तसंही घरात बसवत नव्हतं. मी येरझारा घालणाऱ्यांतली बाई आहे. लगेच गाडी काढली.

चौसाळा

मी राजापूरकडची. आमच्याकडे जांभा दगड आणि लाल माती. पाऊस थांबला की घटकाभरात अंगण कोरडं. चौसाळ्याच्या शिवारात पहिल्याच पावलाला माझी चप्पल मातीनं धरली, दुसऱ्या पावलाला ती दुप्पट जड झाली आणि तिसऱ्या पावलाला ती मागे राहिली आणि मी पुढे. सोयाबीन निघून गेलेलं होतं, ज्वारीच्या पेरणीसाठी रानं तयार होती, आणि नजर जाईल तिथवर ती काळी, ओलसर जमीन पसरली होती.

आम्ही बांधाजवळ खणायला बसलो तोच एक म्हातारे गृहस्थ लगबगीनं आले.

"कावून खनता?"

"माती न्यायचीय, पुण्याला," मी म्हटलं. "तपासायला."

"पुन्याला माती न्हाई का?" त्यांनी गाडीकडे पाहिलं. "रस्त्याचे लोक हैत का तुमी? मागं बी असेच दोघं आलते. माप घेतलं अन् गेले. मग खांब रोवले."

उषा उठली. माझ्याशी ती पुण्याचं बोलते. त्यांच्याशी बोलताना तिचा आवाजच बदलला. "न्हाई हो मामा. मी युसूफ वडगावची. शिकायला हाय पुन्याला. ही माती पान्यात घालून बगायची हाय आमाला."

"कोनाची तू?"

तिनं वडिलांचं नाव सांगितलं, मग आजोबांचं, मग आजोळ. आजोळाला धागा जुळला. म्हाताऱ्यांनी तिच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि स्वतः खणायला लागले. पिशवी भरत आली तरी थांबेनात. मधेच वर पाहून त्यांनी विचारलं, "आजारी हाय का वो आमची माती?"

"नाही नाही," मी म्हटलं. "चांगली आहे म्हणूनच नेतोय."

"मग तितं नाव ठिवू नगा तिला."

आमच्या कोकणात अनोळखी माणसाला आधी पाणी, गूळ, मग चौकशी. इथे चौकशी आधी. पण ती संपली की एकदम जेवण. खळ्यावरच धपाटे, घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी आली. मी नको म्हणता म्हणता तीन धपाटे खाल्ले आणि गाडीत बसल्यावर उषाला म्हटलं, "बाटल्या कशा आहेत बघ." मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या होत्या. रस्त्यानं घुसळून घुसळून आतली माती पार पाण्यासारखी झालेली.

युसूफ वडगाव

घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत खाट, आणि खाटेवर उषाचे वडील अंकुशराव, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. पोळ्याच्या सुमारास मोटरसायकल घसरली होती. उषानं मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती बाटल्या घेऊन आत गेलेली.

कोणी हलवणार नाही म्हणाली होती, पण सगळं गावच हलत होतं. टोळ्या निघायच्या होत्या. प्रत्येक दारात गोणी बांधल्या जात होत्या. कोणी शेळी भावकीत ठेवायला नेत होतं, कोणी कोंबड्या पकडत होतं. कोयत्यांना धार लावण्याचा करकर आवाज एका घरातून थांबला की दुसऱ्यातून सुरू व्हायचा. उषाची आई, शेवंताबाई, उंच आणि काटक, गोधड्यांची गठडी गुडघ्याखाली दाबून दोरी आवळत होत्या. त्यांनी मान वर न करता मला "बसा म्याडम" म्हटलं, आणि बसायला काही मोकळं नाही हे लक्षात आल्यावर स्वतःच हसल्या.

उषानं बाटल्या आतल्या खोलीत, भिंतीतल्या देवळीत ठेवल्या. चहा आला. काहीसा अळणी लागला म्हणून चौकशी केली, तर पुण्याहून प्रयोगासाठी आणलेल्या कॅनमधल्या शुद्ध पाण्याचा. पाहुण्यांना बोअरचं जड पाणी कशाला, म्हणून शेवंताबाईंनी ते वापरलं होतं. उषानं उरलेला कॅन कुणाच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवला.

अंकुशराव दिवसभर पडून कंटाळलेले. बाटल्यांत काय आहे ते त्यांनी माझ्याकडून ऐकून घेतलं. त्यांनी मला प्रश्न विचारला तो मी वर्गात नेहमी विचारते आणि मला बहुधा उत्तर मिळत नाही. "एकमेकाला ढकलतेत म्हनता, तर मग लांब जायला पायजेत की. घट्ट कशे हुतेत?"

मी उषाकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर बसली.

"बाबा, बैलबाजारात सगळेच बैल मारके आनले, अन् बाजार गच्च भरला, तर?"

"तर कोनी कोनाच्या जवळ जानार न्हाई."

"अन् लांब तरी कुटं जातील? तिकडं बी मारकाच हुबा."

अंकुशराव विचारात पडले. "म्हंजी जितं हाय तितंच. दावं बी लागत न्हाई."

"हां. माजं म्हननं तसं हाय. समितीतले सर म्हनतेत की न्हाई, बैल एकमेकाला दाव्यानं बांधलेले हैत."

"मग मैदान मोठं करून बगायचं," अंकुशराव म्हणाले. "मोकळे आसले तर पांगतील."

"तेच करायचंय. पान्यानं."

शेवंताबाई हे ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्यांनी दुसरी गठडी ओढली.

माजलगाव

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या पाण्याखालची माती घ्यायला माजलगावकडे गेलो. इथे जिल्हाच बदलल्यासारखा वाटतो. दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस, मधून अरुंद रस्ता, ओलसर गोडूस वास. सखल कोपऱ्यात जमिनीवर पांढरा क्षार फुललेला होता. असल्या मातीत काच होत नाही. क्षार कणांची ढकलाढकल झाकून टाकतो आणि मग ते चिकटून तळाशी बसतात. तुलनेसाठी आम्हाला हीच हवी होती.

शेताचे मालक गावातले पुढारी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. खुर्च्या आल्या, पंखा लागला, फरसाण आलं. अण्णांचं आमच्याकडे अर्धंच लक्ष. फोन वाजला की ते उठून अंगणाच्या टोकापर्यंत जात.

"टोळ्या कवा उतरतेत काय कळंना," परत येऊन ते म्हणाले. "गेल्या साली तुरे आले उसाला तरी कोनी आलं न्हाई." मग उषाकडे वळून, "तू कुटली?"

"युसूफ वडगाव."

"मग घरचे जात असतील की तोडीला."

"जातेत."

"औंदा?"

"आई अन् मी."

एसटी कितीला आहे हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मी हातातलं फरसाण बशीत ठेवलं. अण्णा पुढे बराच वेळ साखर कारखान्यांबद्दल बोलत राहिले. मला त्यातला एक शब्द आठवत नाही.

परतताना धारूरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं आणि उतरावंच लागलं. समोर डोंगरावर किल्ला, रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या. उषा पान्यावर उभी राहून नट सैल करू लागली.

"हे कधी ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं नाही अजून. बाबांचा पाय मोडला तेव्हापासून बोलणं चाललंय." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "एक कोयता म्हणजे जोडी लागते, मॅडम. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. एकट्या बाईला टोळीचा मुकादम नेत नाही."

"आणि प्रबंध?"

"परत आल्यावर. समितीला नाहीच पटलं तर पुन्हा लिहायचंच आहे. मग पुण्यात बसून काय आणि उसाच्या फडात राहून काय."

"परत येशील?"

तिनं पुढच्या नटाला पाना लावला. मला राग आला, पण तो कुणावर काढावा ते समजेना. मी रस्त्यानं वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. पाटीवाल्या बाईनं मला थांबवून चार सीताफळं हातात दिली. सीताफळ घाईत खाता येत नाही. प्रत्येक बी तोंडात घोळवून बाहेर टाकेपर्यंत बोलताही येत नाही. आम्ही दोघी दगडावर बसून चार सीताफळं खाल्ली, चाक बदललं आणि निघालो.

घरी आलो तर देवळी रिकामी.

"मी ठिवल्या," शेवंताबाई उत्साहानं म्हणाल्या. "सामानाचा धक्का लागून फुटल्या असत्या. गोधडीत गुंडाळून गठडीत बांधल्या, लई जपून."

गठडी सोडली. बाटल्या शाबूत होत्या, आणि माती पुन्हा पातळ. उषा उंबऱ्यावर बसली आणि तिनं कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. शेवंताबाईंचा चेहरा उतरला. "मी म्हनलं फुटंल," त्या पुन्हा हळूच म्हणाल्या.

तेव्हा खाटेवरून अंकुशराव बोलले. "हिकडं आन. माज्या उशाशी फळीवर ठिव. मी हालत न्हाई, मग ह्या बी हालनार न्हाईत."

बाटल्या फळीवर गेल्या. त्या क्षणापासून अंकुशराव पहारेकरी झाले. कोणी पडवीच्या खांबाला नुसतं टेकलं तरी ओरडायचे, "ये, लांब! बाटली हाय!"

गिरणी आणि मुकादम

तिसऱ्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. मला एका जागी बसवेना म्हणून शेवंताबाईंनी मला ज्वारीचा डबा देऊन गिरणीवर पाठवलं. तिथे रांग. सगळ्यांना पुढच्या पंधरवड्याचं पीठ आजच हवं. पुण्याची बाई डबा घेऊन उभी, याची गंमत वाटून दोघींनी मला पुढे घातलं.

परत आले तर दारात मोटरसायकल. मुकादम बाजेवर बसलेला, पांढरे कपडे, मांडीवर हेल्मेट. ट्रॅक्टर उद्या सकाळी येणार होता, परवा नाही. शेवंताबाईंची धाकटी बहीण गयाबाई शेजारच्या गल्लीतून येऊन ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांचा नवरा वारलेला, मुलं आपापल्या संसारात.

"कोयता पुरा पायजे," मुकादम म्हणाला. "अंकुशचं तर असं झालं. पोरगी येती का, ते आत्ता सांगा. न्हाईतर मला दुसरी जोडी बगावं लागंल."

"ती नाही येणार," मी म्हटलं.

"मॅडम," उषा म्हणाली, "तुम्ही नका बोलू." मग मुकादमाकडे वळून, "येते मी."

अंकुशरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आपण कुठे उभं राहावं हेच मला सुचेना. पिठाचा गरम डबा तसाच कमरेवर होता.

शेवंताबाई हातातली दोरी टाकून उठल्या. "उशे, अर्धा फड टाकून आपुन कवा उठलोत का?"

"आई—"

"सांग की. पाऊस आला, ताप आला, तरी उठलोत का? तुजा फड तिकडं अर्धा पडलाय. तू तो तोड. हितं येऊ नगं." मग मुकादमाला, "गया येती माज्यासंगं."

गयाबाईंनी सुपातून मान वर केली. "मला इचारलंस का?"

"आता इचारते. येतीस का?"

"येते," गयाबाई म्हणाल्या आणि खडा वेचून बाहेर फेकला.

मुकादम हसला. "दोन बायांचा कोयता? शिडीवरनं गाडीत मोळी कोन चढवनार?"

"आजवर कोन चढवीत होतं?" गयाबाई म्हणाल्या. "इचारा की दाजीला."

अंकुशराव भिंतीकडे तोंड करूनच बोलले. "शेवंताच चढायची. मी खालून द्यायचो."

बाहेर ऐकत उभ्या असलेल्या बायका हसल्या. मुकादमानं हेल्मेट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं, थोडी कुरकुर केली, आणि शेवटी म्हणाला, "सकाळी लवकर तयार ऱ्हावा."

उषा चुलीपाशी गेली आणि भाकरी थापायला बसली. थापताना तिचा हात नेहमीपेक्षा जोरात पडत होता. त्या जेवणात येसराची, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी होती, झणझणीत, आणि डोळ्यांतलं पाणी सगळ्यांनी आमटीवर घातलं.

निघण्याचा दिवस

ट्रॅक्टर आला तो दोन ट्रॉल्या घेऊन. बघता बघता त्यांत गोणी, पत्रे, गठड्या, हंडे, आणि त्यांच्यावर माणसं चढली. उषानं वडिलांच्या उशाची एक बाटली दोन्ही हातांनी उचलली, आईसमोर धरली आणि उलटी केली.

माती हलली नाही. करड्या रंगाचा तो गोळा बाटलीच्या तळाला, म्हणजे आता वर, तसाच राहिला. शेवंताबाईंनी खालून एक बोट काचेला लावून पाहिलं.

"चिकटलं आसंल," गयाबाई म्हणाल्या.

मला हसू फुटलं. समितीतल्या सरांचं वाक्य, शब्दाला शब्द.

"तेच बगायचंय, मावशे," उषा म्हणाली. तिनं बाटली सरळ केली, फळीवर ठेवली, आणि कॅनमधलं उरलेलं पाणी नळीनं कडेकडेनं सोडलं. खाली करडी माती, वर नितळ पाणी, मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ. शेवंताबाई वाकून पाहत राहिल्या. काहीच होत नव्हतं. बाहेर हॉर्न वाजला.

"किती येळ लागंल?"

"दुपार हुईल."

"मग फोनवर सांग." त्यांनी उषाच्या गालाला हात लावला, नवऱ्याला औषधाची आठवण केली, मला "येते म्याडम" म्हटलं आणि मागच्या ट्रॉलीत चढल्या. गयाबाईंना हात देऊन वर ओढलं. ट्रॅक्टर वळणावरून दिसेनासा झाला तरी आवाज बराच वेळ येत राहिला.

गाव एकदम रिकामं झालं. दाराला कुलूप, दाराला कुलूप, मधेच एखादी म्हातारी. मी गल्लीतून वर-खाली चालत राहिले. दर वेळी पडवीत डोकावायचे. रेघ होती तशीच. चिकटलेले असतील तर मी उषाला काय सांगणार होते, याची वाक्यं मनात जुळवत होते आणि मोडत होते. उषा खाटेच्या पायाशी बसून होती. तिनं नखं खाऊन संपवली होती.

शेवटी हाक आली ती अंकुशरावांची. "धूर निघालाय बगा!"

मी धावत गेले. रेघेच्या एका कडेतून पाण्यात करड्या रंगाची बारीक वाफ वर चढत होती. मग दुसऱ्या ठिकाणाहून. हळूहळू रेघ मऊ झाली, मग फुगली, मग कुठे होती ते सांगता येईना. ऊन पडवीत येईपर्यंत बाटलीभर एकसारखं करडं पाणी झालं होतं. उषानं बाटली किंचित तिरकी केली, आणि ते सगळं सहज एका बाजूला वाहत आलं.

असा पडवीतला प्रयोग समितीपुढे ठेवता येत नाही हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. पुढे पुण्यात, शेजारचं यंत्र थांबल्यावर, तो मोजमापांसह पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी हेच झालं. पण उषाला त्या दुपारीच कळलं होतं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मोकळेच होते की गं," आणि खाटेवर जमेल तेवढे उठून बसले.

फोन लागेना. रेंज नव्हती, मग लागला तो कुणी उचलला नाही. पाचव्या-सहाव्या खेपेला ट्रॅक्टरचा खडखडाट ऐकू आला आणि त्यातून शेवंताबाईंचा आवाज.

"आई, पसरलं सगळं!" उषा ओरडली.

"आं? काय?"

"पसरलं! चिकटलेलं न्हवतं!"

क्षणभर नुसता खडखडाट. मग शेवंताबाई ट्रॉलीभर लोकांना ओरडून सांगताना ऐकू आल्या. "गये! अगं, चिकटलेलं न्हवतं म्हनं!" आणि तिकडे एकच गलका उठला, शिट्ट्या, टाळ्या, पोरांचं ओरडणं. त्या गलक्यात एका पुरुषाचा आवाज विचारत होता, "काय चिकटलेलं न्हवतं?"

"मला काय म्हाईत," शेवंताबाई म्हणाल्या. "पर माज्या पोरीचं बरोबर निगालं."